गाण्याची बाई शोधताना

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती आणि पुढे मुलीला तालुक्याला कोण पाठवणार? लिहिता-वाचता येते, हिशोब येतो. बाकीचे जे येते ते संसाराने शिकवले. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, वाण वाटले, भिशीची वही सांभाळली. उभे राहून बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली आहे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही लेकीच्या गाण्यासाठी एवढ्या फिरलात, तेवढंच सांगा. दर जूनमध्ये चारजणी विचारतात, मुलीला गाण्याला कुठं घालू म्हणून." चुकले-माकले तर पदरात घ्या.

पहिल्यांदा मी गाण्याचा वर्ग कसा निवडला ते आधी सांगते. कारण तीच माझी चूक.

आमच्या घरी मामंजींची जुनी पेटी होती. ते भजनाला पेटी धरत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई सांगलीत घरोघर शिरली, तशी आमच्याही घरात आली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल उपसत होतो आणि माझी धाकटी, तेव्हा सहा वर्षांची, पेटीपाशी बसून एकेक पट्टी दाबून पाहत होती. लाकूड फुगले होते, भाता सुटला होता. एकही सूर निघेना. "आई, हिचा आवाज गेला," म्हणून ती रडायला लागली. घरातले धान्य गेले, गाद्या गेल्या, त्याला ती रडली नव्हती. त्या दिवशी मी मनात धरले, हिला गाणे शिकवायचे.

दोन वर्षांनी हाताशी थोडे पैसे आले. सासूबाई म्हणाल्या, "गाणं शिकून काय मैफली करायच्यात?" ह्यांना कोणीतरी सांगितले होते की शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात. हे म्हणाले, "गुण मिळत असतील तर घाल." मलाही ते पटले. घराजवळ दुधाच्या वाटेवर एक वर्ग होता. बाहेर मोठी पाटी, जिन्यात बक्षीस-समारंभांचे फोटो, खाली मुलांच्या चपलांचा ढीग. मला वाटले, एवढ्या चपला आहेत म्हणजे वर्ग चांगलाच असणार. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच पैसे भरले आणि घरी आले. वर जाऊन पाहिले नाही. मैत्रिणींनो, कोथिंबिरीची जुडी घेताना आपण ती दहादा उलटीसुलटी करतो. आणि पोटची पोर मी चपलांचा ढीग बघून सोपवली.

दोन वर्षे ती जात होती. परीक्षा पास होत होती, प्रमाणपत्रे येत होती, मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवत होते. फक्त तिचा घसा वरचेवर बसायचा. मी हळद-दूध द्यायची आणि उलट तिलाच रागवायची, "गारेगार खातेस शाळेबाहेर." ती काही बोलायची नाही.

मग वर्गाचे संमेलन झाले. मी काठापदराची साडी नेसून पुढे जाऊन बसले. मुले ओळीने उभी होती, माझी धाकटी मागच्या रांगेत. समूहगीत झाले, मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर चित्रण केले, घरी आल्यावर सासूबाईंना दाखवले. म्हटले, "किती छान म्हटलंस गं!" तेव्हा ती म्हणाली, "आई, मी म्हटलंच नाही. सरांनी सांगितलं होतं, तुझा आवाज फाटतो, तू नुसते ओठ हलव."

मी ते चित्रण रात्री परत पाहिले. तिचे ओठ अगदी बरोबर हलत होते.

त्या दिवसापासून तिने वर्ग सोडला. वर्ग सोडला त्याचे एवढे नाही, पण घरात गुणगुणणेही थांबले. संध्याकाळची शुभं करोतीसुद्धा ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. पेटीचा आवाज गेला म्हणून रडणारी ही पोर, तिचा स्वतःचा आवाज मी पैसे भरून घालवला होता. त्या वर्गाचे नाव मी सांगणार नाही, कोणी विचारूही नका. तिथे चाळीस मुले होती आणि त्यातली काही गोड गातात. सर वाईट होते असेही मी म्हणत नाही. एका माणसाने एका तासात चाळीस गळे कसे ऐकावेत? पाहायचे काम माझे होते. ते मी केले नाही.

पुढे वर्षभराने नणंदबाईंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवले होते. मी डबा घेऊन रोज सांगली-मिरज बसने जायची. एक दिवस डॉक्टरांना यायला वेळ होता, म्हणून जरा बाहेर पडले आणि चालता चालता सतारमेकर गल्लीत शिरले. आपण इतक्या जवळ राहतो, पण मी ती गल्ली कधी पाहिली नव्हती. दुकानादुकानांत हे एवढाले वाळलेले भोपळे टांगलेले. ते भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, कडू असतात, खायचे नसतात. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत होते. दोरा केसभर इकडे झाला की तार मुकी, केसभर तिकडे झाला की ती भुंग्यासारखी घुमू लागते. त्याला जवारी म्हणतात. मी बराच वेळ पाहत राहिले तेव्हा त्यांनी विचारले, "काय पाहिजे ताई?"

काय पाहिजे ते मलाही ठाऊक नव्हते. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, पाटी बघून मास्तर शोधू नका. आमच्याकडं विचारा. ज्यांचा तंबोरा जवारीला वरचेवर येतो, त्यांच्या घरी रोज गाणं होतं. ज्यांचा पाच वर्षांत आला नाही, त्यांच्याकडं तो भिंतीला शोभेला आहे." मला ही गोष्ट एकदम पटली. ज्या घरची सुरी धारवाल्याकडे वारंवार जाते त्या घरी स्वयंपाक होतो, तसेच हे. त्यांनी मला तीन पत्ते दिले.

आता या तीन ठिकाणी मी कशी गेले ते सांगते. यावेळी मी ठरवून टाकले होते की पैशांचे बोलायच्या आधी एक दिवस कोपऱ्यात बसून ऐकायचे, आणि बसू देणार नाहीत तिथे मुलीला घालायचे नाही.

पहिले गृहस्थ फार मोठे गवई. त्यांचे गाणे ऐकून अंगावर काटा आला. पण तासभर तेच गात होते आणि मुले माना डोलवत होती. एका मुलाने विचारले, "ही जागा कशी घ्यायची?" तर म्हणाले, "ऐकून ऐकून येईल." आपल्यात नाही का एखादी सुगरण असते; तिच्या हातची आमटी अमृतासारखी, पण सुनेने मीठ किती विचारले तर म्हणते, अंदाजाने घाल. ज्याला स्वयंपाक येतो त्याला तिच्याकडून पुष्कळ मिळेल, पण नवख्या सुनेचे काय? म्हणजे उत्तम गाणारा आणि उत्तम शिकवणारा ही माणसे वेगळी असू शकतात.

दुसऱ्या ठिकाणी निम्मी शिकवणी मोबाईलवर होती. २०२० च्या टाळेबंदीत ही रीत सुरू झाली आणि त्यावेळी तिचा मोठा आधार झाला, हे खरे. पण मोबाईलवर आवाज जरा उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एका सुरात एकदम गाऊ शकत नाहीत. आवाजाची बारीक कड कापली जाते ती वेगळीच. गळा तयार झालेल्याला चालेल. माझ्या मुलीचा तर सूरच हरवला होता.

तिसऱ्या एक बाई निघाल्या. दोन खोल्यांचे घर, पाटी नाही, दार सताड उघडे. समोर चारच मुले. मी विचारले, "बसू का?" तर म्हणाल्या, "बसा की, तंबोऱ्याजवळ बसा." एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा गंधार लावत होता आणि तो चारदा चुकला. मी मनात म्हटले, आता बघू. मुलगा बरोबर गातो तेव्हा सगळेच शिक्षक चांगले असतात. तो चुकल्यावर काय करतात ते पाहावे. बाई रागावल्या नाहीत, आणि "असू दे, छान" असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प केले आणि नुसता तंबोरा छेडत राहिल्या. म्हणाल्या, "गाऊ नकोस. ऐक. यात तुझा गंधार आहे, सापडला की सांग."

मैत्रिणींनो, तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार त्यात नाहीच. पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला हे काहीच माहीत नव्हते. त्या मुलाने डोळे मिटले, पाच-सात मिनिटे गेली, आणि मग त्याने जो सूर लावला तो असा काही मिसळला की तंबोरा कुठला आणि पोर कुठले कळेना. बाईंनी फक्त मान हलवली. मी सातवी शिकलेली बाई, पण मलाही तो गंधार ऐकू आला. त्याच दिवशी मी माझे मन ठरवले.

पुढच्या शनिवारी धाकटीला घेऊन गेले. ती दारातच म्हणाली, "माझा आवाज फाटतो." बाई म्हणाल्या, "कोणत्या पट्टीत?" तिला पट्टी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. दोन वर्षे शिकून ठाऊक नव्हते! पट्टी म्हणजे आपण आपला सा जिथे धरतो ती जागा. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका आणि मुली काळी चार-पाचच्या आसपास. आधीच्या वर्गात सर्वांना काळी दोन, सरांच्या गळ्याला सोयीची. तिथून वरचा सा गाठताना मुलींच्या माना ताणल्या जायच्या. म्हणजे माझ्या मुलीचा गळा बिघडलेला नव्हता. दुसऱ्याच्या मापाचे पोलके घातले की ते काखेत उसवणारच. बाईंनी तिला नुसते बोलायला लावले, शाळेतल्या गोष्टी विचारल्या, हसवले, मग हळूच एक सूर धरायला सांगितला आणि तिचा सा काळी चारवर सापडला. त्या दिवशी ती एवढेच गायली. एकच सूर. पण ओठ नुसते हलले नाहीत, आवाज आला.

मी घाईघाईने विचारले, "परीक्षेला कधी बसवाल?" बाई म्हणाल्या, "सहा महिने परीक्षेचं नाव काढू नका. मग तीच सांगेल."

परीक्षांना नावे ठेवायचा माझा हेतू नाही. उलट मिरजेत गेल्यावर मला त्यांचे मोल कळले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्या काळी गाणे गुरूच्या घरात कोंडलेले होते. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, इयत्ता केल्या, पुस्तके केली, आणि साध्यासुध्या घरांतल्या मुला-मुलींना गाणे शिकायची वाट मोकळी केली. १९३१ मध्ये ते मिरजेतच वारले. त्यांच्या मागे शिष्यांनी परीक्षांची घडी बसवली. त्या माणसाने दार उघडले म्हणून आज तुमच्या-माझ्या मुली आत जाऊ शकतात. पण दार उघडे आहे म्हणून धावत सुटायचे नसते. परीक्षा म्हणजे वाटेवरचा मैलाचा दगड. मी त्या दगडालाच गाव समजले, ही माझी चूक.

पेटीचेही तसेच. पेटी वाईट नाही, मामंजींच्या पेटीवर माझा जीव होता. पण पेटीचे सूर ठरावीक जागी बसवलेले असतात. दोन सुरांमधून मींड घेत जायला तिथे वाट नाही. म्हणूनच आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली होती आणि ती १९७१ पर्यंत चालली. साथीला पेटी असावी. पण लहान मुलीचा कान तयार व्हायचा तर तंबोरा हवा. विकतचा परवडत नसेल तर मोबाईलमधला तंबोराही रियाजाला चालतो, असे आमच्या बाईच सांगतात.

आता ज्या जूनमध्ये विचारणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बसून ऐका. एका वेळी किती मुले आहेत आणि प्रत्येकाला एकट्याने गायला मिळते का, ते मोजा. मुलीची पट्टी काढली का, ते विचारा. मूल चुकले की शिक्षकाच्या तोंडाकडे पाहा. शिक्षक थोर गवई आहे की नाही यापेक्षा त्याचे दोन वर्षे जुने विद्यार्थी कसे गातात ते ऐका. पैसे किती, बुडालेल्या दिवसाचे काय, सुट्टीत फी लागते का, हे स्पष्ट विचारा. भाजीवालीशी घासाघीस करताना आपण लाजत नाही, इथेच का लाजतो? आणि एक गोष्ट बायका-बायकांत बोलायला हवी. शिकवणीच्या खोलीचे दार उघडे असावे आणि आईने कधीही न सांगता यावे, याला शिक्षकाची ना नसावी. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याला लांबून नमस्कार करावा. आणि सर्वांत शेवटी, घरी आल्यावर मुलीला "आज काय शिकलीस" असे विचारू नका. ती आपणहून गुणगुणते का, ते स्वयंपाकघरातून कान देऊन ऐका. घसा वरचेवर बसत असेल तर हळद-दुधाबरोबर वर्गाचाही विचार करा.

मिरज लांब पडते, बसभाडे पडते, फीही आधीच्या वर्गापेक्षा जास्त. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटले, "यंदा भिशी लागली की मला साडी नको." मग काही बोलले नाहीत. आता शनिवारी मला जमले नाही तर हेच तिला घेऊन जातात आणि तासभर ओट्यावर बसून पेपर वाचतात. पेपराचे पान मात्र उलटत नाही, असे धाकटी सांगते.

मला जाता-येता बसमध्ये एक विचार यायचा. हुबळीच्या गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी आगगाडीने कुंदगोळला जायच्या. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी, बाईने तिकीट लावून उजळ माथ्याने गावे, ही वाट पाडली. त्या फार मोठ्या. माझी मुलगी तशी होईल असे माझ्या स्वप्नातही नाही. पण त्यांच्या मागे कोणी ना कोणी घरचे माणूस उभे असेलच ना? तेवढे उभे राहणे मला जमण्यासारखे आहे.

सहा महिन्यांनी परीक्षेचे तिने नाव काढले नाही. अजूनही काढलेले नाही. गुण मिळतील की नाही मला ठाऊक नाही. पण परवा दिवेलागणीला तिने शुभं करोती मोठ्याने म्हटली, आणि सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "अगं, परत म्हण." गाण्याला काय मैफली करायच्यात असे विचारणाऱ्या त्याच सासूबाई!

बाईंनी आपला एक जुना तंबोरा आमच्याकडे ठेवायला दिला आहे. धाकटी रियाजाला बसते तेव्हा तो मीच छेडते. चार तारा, एकीमागून एक, सारख्या अंतराने. मध्ये घाई नाही, थांबणे नाही. बाई मला म्हणतात, "आता तुम्हीपण सा लावा." मी अजून लावलेला नाही, लाज वाटते. पण तंबोरा छेडायला सातवी पुरते.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. जिला कोणाला मुलीसाठी, सुनेसाठी किंवा स्वतःसाठी वर्ग पाहायला जायचे असेल तिने एकटीने जिन्याखाली उभे राहू नये. मला हाक मारावी. मी येईन आणि तिच्याबरोबर तासभर कोपऱ्यात बसेन. दोघी बसलो म्हणजे एकीला ऐकू आले नाही ते दुसरीला ऐकू येईल.

 तिळगूळ घ्या, गोड बोला.